मुराळ्याची गाडी

आबा, काल दुपारी तुमच्या गाडीचं इंजिन उघडलं, बारा वर्षांनी. दुरुस्तीसाठी नाही, खोटं कशाला सांगू. भंगारात देण्याआधी त्यातलं काही कामाचं निघतं का, ते बघायला. ह्यांची बदली नंदुरबारला झाली आहे. शनिवारी येतात आणि चहाचा कप हातात घेऊन मागच्या पत्र्याच्या शेडकडे बघत म्हणतात, "ते धूड काढ आता एकदाचं." बाकीचे सहा दिवस धुळ्याच्या या घरात मी असते आणि ते धूड असतं. भांडायलाही कोणी नाही, त्यामुळे माझी जीभ जरा गंजली आहे. ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं.

लग्नानंतरची ती पहिली आखाजी, अक्षय्य तृतीया, आठवते का? आपल्याकडे दिवाळीला एखाद्या वर्षी लेक नाही आली तर चालून जातं, पण आखाजीला तिला माहेरी न्यायला मुराळी आलाच पाहिजे. मला भाऊ नाही, आई मी शाळेत असतानाच गेलेली, म्हणजे मुराळी तुम्हीच. भर वैशाखात, डोक्यावर ओलं उपरणं टाकून तुम्ही आमच्या दारात उभे आहात, हातात केळ्यांची पिशवी. सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणतात, "व्याही, एस्टीनंच न्यायचं का पोरीला? शेजारच्या सुनेला तर जीप आली." तुम्ही हसून म्हणता, "एस्टी काय वाईट? ड्रायव्हर सरकारी मिळतो." सगळे हसले. मी नाही हसले. पारोळ्याच्या अलीकडे, खिडकीची जागा तुम्ही मला दिलेली असताना, मी तुम्हाला म्हटलं, "पुढच्या वेळी एस्टीने येऊ नका. माझी मान खाली जाते." तुम्ही बाहेरच्या करपलेल्या रानाकडे बघत म्हणालात, "बरं." एरंडोल येईपर्यंत मी ते विसरूनही गेले. अशी मी, बोलून मोकळी होणारी.

त्याच वर्षी दिवाळीला मेहरूणला माहेरी आले, तर अंगणातल्या लिंबाखाली ही गाडी. इंग्रजांच्या काळातली, गोल डोळ्यांची, दोन चाकं नसलेली. चोपड्याकडच्या एका केळीवाल्याच्या गोठ्यात ती पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, हे तुम्ही कौतुकाने सांगत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलीत. मी कपाळावर हात मारला. डाळमिलमध्ये दिवसभर मशिनी दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच! "कधी व्हायची ही?" म्हटलं, तर तुमचं ठरलेलं उत्तर, "व्हई जाई." होऊन जाईल. आईच्या आजारपणातही तुम्ही हेच म्हणत होता, म्हणून मला ते दोन शब्द कधी आवडले नाहीत.

पुढच्या आखाजीला तुम्ही आला नाहीत. कार्ड आलं: गाडीचं काम निघालं आहे, या खेपेला क्षमा कर. आमच्या गल्लीतल्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या सुना एकेक करून माहेरी गेल्या. कोणाला भाऊ न्यायला आला, कोणाला चुलता. मी एकटीच उरले. समोरच्या झाडाला कोणी तरी झोका बांधून ठेवला होता, त्यावर बसायला गल्लीत एकही पोर शिल्लक नव्हती. सासूबाईंनी त्या दिवशी मला आग्रहाने जेवायला वाढलं. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. मी ताटावर बसून एवढंच मनात म्हणत होते, की बापाला लेकीपेक्षा लोखंड प्यारं झालं.

मग त्याच वर्षीची ती दिवाळी. मागच्या खोलीत तुम्ही आईची गोधडी अंथरली होती आणि इंजिनातून जे जे काढलं ते त्याच क्रमाने तिच्यावर मांडलं होतं. आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. मी विचारलं, ह्यांच्यावर खुणा नाही करायच्या? तुम्ही म्हणालात, "खुणा नवशिक्यांना लागतात. माझी गोधडीच खूण." आणि मग बोट उगारून, मी लहान असल्यासारखं, "यातलं काही हलवू नको. एकेक व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या जागेवर घासून बसवलाय. ह्याची जागा त्याला चालत नाही." रबराची चकती लावलेली ती काठी दोन तळहातांत धरून, ताक घुसळावं तशी फिरवत, तुम्ही महिनाभर ते काम केलं होतं. अर्धा तास मला व्हॉल्व्हचं सांगत होता. मी कशी आहे, धुळ्यात करमतं का, आखाजीला काय केलं, एक शब्द नाही. मग उटणं आणि पणत्या आणायला सायकलवर बाजारात गेलात.

तुम्ही परत आलात तेव्हा मी सगळं सामान रॉकेलने धुऊन, पुसून ठेवलं होतं. नटांत नट, बोल्टांत बोल्ट, मोठ्या व्हॉल्व्हांत मोठे, छोट्यांत छोटे. गोधडी धुऊन दोरीवर. तुम्ही दारात उभे राहिलात. "हे कोणी केलं?" "दिवाळीची साफसफाई नको का?" मी म्हटलं. तुम्ही ओरडाल म्हणून मी कंबर कसून उभी होते, उत्तरं तयार होती. तुम्ही सायकलची पिशवी हळूच खाली ठेवलीत, पणत्या फुटू नयेत म्हणून, आणि खाली बसलात. मग भिंतीपलीकडून शेजारच्या अक्काने काय झालं विचारलं, तर तिला तुम्ही सांगितलंत, "काही नाही. पोरगी आलीय, सगळं चकचकीत केलंय तिनं." अक्काही हसली, तुम्हीही हसलात.

तुमचा तो सगळा हिवाळा पुन्हा घासण्यात गेला. दोन व्हॉल्व्ह काही केल्या बसेनात, ते मिलच्या लेथवर नव्याने करून घ्यावे लागले, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की दुसरंही कार्ड आलं: या आखाजीलाही जमेलसं दिसत नाही, पुढच्या नक्की. मी उलट टपाली एका ओळीचं उत्तर पाठवलं, "येऊ नका, मला सवय झाली आहे." नवरात्रात मिलमध्ये काम करता करता तुम्ही खाली बसलात, ते उठला नाहीत. तुमच्या उशाखालच्या वहीत माझं ते कार्ड सापडलं. फाडलं का नाहीत हो?

दहाव्याला अक्का माझ्याजवळ येऊन बसली. पोळ्याला तुमची गाडी चालू झाली आणि तुम्ही मेहरूणच्या तळ्याला एकट्याने एक चक्कर मारून आलात, हे तिने सांगितलं. अक्का म्हणाली, "तुना बाप सांगे, पोरले आते गाडीमाज लई येसू. तुले ठाऊक नही?" लेकीला आता गाडीतच घेऊन येणार, असं तुम्ही सगळ्या आळीला सांगितलं होतं. एक माझ्याशिवाय. बसमध्ये मी काय बोलले होते, ते मला तेव्हा आठवलं. मी गाडी हट्टाने ट्रकवर घालून धुळ्याला आणली आणि शेडमध्ये लावून दिली. त्यानंतर तिचं दार उघडायचा धीर मला झाला नाही.

काल फिटर आला, त्याने हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. "बाई, हे काम कोणाचं? फार हौसेनं केलंय." प्रत्येक व्हॉल्व्हच्या तोंडावर पंचने ठोकलेले बारीक ठिपके होते. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, शेवटच्यावर आठ. आबा, खुणा तर नवशिक्यांना लागतात ना? आयुष्यभरात तुम्ही कधी खुणा केल्या नव्हत्या. त्या दिवाळीनंतर केल्यात. पोरगी पुन्हा येईल, पुन्हा रागात काही तरी उचलून ठेवील, तर ठेवू दे, आपल्याला जागा सापडतील, असंच ना? म्हणजे माझ्या साफसफाईच्या सबबीवर तुमचा विश्वास बसलाच नव्हता.

तरी मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. हे पत्र टपालात जाणार नाही, तुमच्या गाडीच्या पुढच्या खणात ठेवणार आहे. फिटरला मी गाडी भंगारात द्यायची नाही म्हणून सांगितलं. ह्यांना शनिवारी सांगेन. आईची गोधडी काढली आणि व्हॉल्व्ह त्याच्या हातून एकेक घेऊन, ठिपके मोजून, ओळीने मांडले. आबा, त्या दिवशी मी ते चुकून मिसळले नव्हते. तुम्ही सांगितलेलं सगळं मला नीट कळलं होतं, म्हणूनच मिसळले.