दुसरा आकडा: तीन की आठ

४ जाने., रवि.
हिंगणीला काकांकडे. जयभीम, चहा, आणि लगेच तेच जुनं भांडण. आजोबांनी फोनो (ग्रामोफोन) नवा घेतला तो थोरल्याच्या, म्हणजे काकांच्या जन्माच्या आनंदात, असं काका म्हणतात. बाबा मरेपर्यंत सांगत राहिले, माझ्या जन्माला घेतला. वाटणीत दोघेही अडून बसले आणि मशीनचेच दोन भाग झाले. पेटी, मोटर, भोंगा बोरगावला आमच्याकडे. सुई बसते तो साउंडबॉक्स काकांच्या ट्रंकेत. चाळीस वर्षं मशीन मुकं.
"नंबरावरून साल निघते म्हनतोस ना? काढ मंग. तुह्या बापाचं निघालं तर साउंडबॉक्स घेऊन जाजो. माहं निघालं तर पेटी इकडं आन."
काका अठ्ठ्याऐंशीचे. घाई मात्र मलाच.

६ जाने.
मोटरच्या पट्टीवर पाच आकडी नंबर. चार आकडे स्वच्छ, दुसराच पुसट. हाही योग! नागपूरच्या मित्राकडे नंबरांची यादी आहे. ३ असेल तर काकांचं साल, ८ असेल तर बाबांचं. भिंग घेतलं, टॉर्च घेतला, चष्मा बदलला. मंगला म्हणाली, "आता डोळे बदला." बायको आहे की कोण.

९ जाने.
स्प्रिंगही तुटलेली. वर्ध्यात कुणी हात लावेना. कारंजाच्या बंडू मिस्त्रीकडे देऊन आलो. ट्रकवाला आहे, पण हात चांगला. तीनदा बजावलं, पट्टी घासू नको. "नाई घासत, साहेब."

१७ जाने.
घासली नाही. ठोकली! स्प्रिंग झकास बसवली, आणि पुसट आकड्यावर पंच मारून ठसठशीत ८.
"गाडीचा चेसिस नंबर पुसट असला का आरटीओत पासिंगले लय त्रास देतात, साहेब. म्हनून पक्का करून देल्ला."
"अरे, पण तिथे आठच होता कशावरून?"
"आठ नाई तर तीन. तुमाले कोनता पाहिजे होता?"
वर भजी मागवली माझ्यासाठी. अशा माणसावर ओरडताही येत नाही.

१८ जाने.
हा ८ दाखवला तर बाबा खरे. काकांना काय कळणार? मोह झाला, लिहून ठेवतो. बाबा खोटे ठरले तर मला सहन होणार नाही. पण मिस्त्रीच्या हातोडीनं खरे ठरलेले बाबा...

२५ जाने., रवि.
पेटी, मोटर, भोंगा, सगळं घेऊन हिंगणी. काकांना खरं ते सांगितलं. हसून हसून ठसका लागला त्यांना. मग उठले, ट्रंक उघडली, साउंडबॉक्स हातात दिला.
"लाव. तुह्या बापानं मशीन घेऊन यायचं होतं एकदा. तवाच देल्ला असता."
म्हणजे चाळीस वर्षं कुणीतरी फक्त एसटीत बसायचं होतं! दोघांचाही राग आला. तबकडी वाजली, गाणं कमी, खरखर जास्त. काका भोंग्याला कान लावून रडले. मीही.

२८ जाने.
मिस्त्रीचा फोन. ठोकायच्या आधी त्यानं पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासली होती म्हणे. चेसिसचा ठसा घेतात तसा, सवयीनं, आणि न बघताच टाकून दिला होता. आज पान्यांच्या डब्यात सापडला. "आकडा साफ उठला हाय, साहेब. पाकिटात घालून पाठवतो." कोणता, ते विचारेस्तोवर गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. नंतर उचलत नाही. आधी बोलायला काय झालं होतं याला?

३० जाने.
पाकीट आलं. काकांना फोन केला.
"फोडू नोको."
"काका, यावरूनच भांडलात ना जन्मभर?"
"म्हनूनच. मी हाय तवरी राहू दे तसंच. तूबी पाहू नोको, तुह्या तोंडावर लगेच दिसते. रविवारी मशीन घेऊन येजो."
पाकीट पातळ. उजेडाला धरलं तर दिसेल. दोनदा उठलो, दोनदा बसलो. शेवटी मंगलाला दिलं, म्हटलं लपवून ठेव.
तिनं पाहिलंच असणार. विचारलं तर म्हणते, "मला काय करायचंय?" रविवारी तीही हिंगणीला येणार आहे. तिच्या तोंडावर कधीच काही दिसत नाही.