पहिली सवारी

चिंचवड,
डिसेंबर १९५६

प्रिय इंदू,

बाळ-बाळंतीण सुखरूप आहात हे वाचून जिवात जीव आला. आई अजून का आली नाही, असं विचारतेस. निघाले होते गं. नाशिक फाट्यापर्यंत पोचलेही होते.

पिंपरीला औषधांचा कारखाना आल्यापासून इथे माणसांचा नुसता लोंढा लागलाय. पेपरात वाचते, वाहतुकीची सोय वाढली. कसली सोय? आगगाडी पुण्याला नाहीतर लोणावळ्याला नेते, तुझ्या चाकणला नाही. एसटी पुण्याहूनच भरून येते आणि फाट्यावर धूळ उडवून जाते. कामगारांच्या ट्रकमध्ये बायकांना घेत नाहीत. टांगे तर तुझ्या बाबांच्या मागे उरलेच किती? राहिली ती खाजगी मोटार. आत पानाच्या पिचकाऱ्या, सीटखाली कोंबड्यांची घाण. किळस आली, तरी नाक दाबून चढले. सकाळची पहिली खेप होती, मोटार रिकामी.

ड्रायव्हर कोण, तर आपला रंगराव. ज्याला तुझ्या बाबांनी लगाम धरायला शिकवलं, ज्याला मी गरम भाकरी वाढली. म्हणाला, “काकू, राग मानू नका, जरा खाली उतरा. बोहनी व्हायचीय. एखादी सवाशीण चढू द्या, मग बसा ऐसपैस.” क्लीनर फिदीफिदी हसला. मी उतरले. थोड्या वेळाने एक कुंकवाची बाई चढली, तेव्हा रंगरावाने मला हाताने खुणावलं. म्हटलं, “जा बाबा, माझा विटाळ नको तुझ्या मोटारीला.” तशीच घरी परतले.

तुला आठवतं? टांगा जोडला की बाबा रोज आधी मला आत बसवायचे आणि मारुतीच्या देवळापाशी सोडायचे. म्हणायचे, पहिली सवारी तुझी, म्हणजे दिवस रिकामा जात नाही. मी तीच आहे, इंदू. कपाळ तेवढं पुसलंय.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. ‘बारशाला ये, पण पाळण्याच्या वेळी जरा मागे बस, सासूबाईंना चालत नाही.’ रंगराव काय, परकाच. त्याच्या नावाने थुंकले आणि मोकळी झाले. तुझ्या बाबतीत ते कसं जमावं? बारशाला मी येणार, मोटार नसली तर पायी येईन. त्याआधी एवढंच कळव, बाळ माझ्या मांडीवर देशील, की तिथेही दुसऱ्या कुणाची बोहनी होईपर्यंत मी खाली उभी राहू?

तुझीच,
बाबांच्या टांग्यातली पहिली सवारी,
आई