निरोगी नमुना क्रमांक चार

४ जून
ती. दादास शि. सा. न.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. रागाव, पण शेवटपर्यंत वाच. आमच्या प्रयोगशाळेतल्या ज्या चिपची तू टिंगल करतोस, तिच्यात केसाहून बारीक वाटा असतात. रक्त सोडलं की बाकी सगळं वाहून जातं आणि कॅन्सरच्या पेशी अडकतात. चिप नीट चालते का हे बघायला धडधाकट माणसांचं रक्त लागतं, म्हणून दर महिन्याला तुझ्याकडून नळीभर नेत होते. नळीवर तू 'निरोगी ४'.

एप्रिलमध्ये तुझ्या रक्तात सहा पेशी अडकल्या. चिप खराब म्हणून मी ती फेकली. मेमध्ये नऊ, तीही फेकली. दुसऱ्या कुणाची नळी असती तर आमच्या प्रमुख बाईंच्या टेबलावर नेऊन आपटली असती. पण ती तुझी होती, आणि तुला काही होईल हे डोक्यातच आलं नाही. परवा नव्या चिपवर अकरा निघाल्या. बाई म्हणाल्या, चाचणी अजून पक्की नाही, देणाऱ्याला कळवायचं नाही. मी कडाकडा भांडले आणि घरी येऊन हे लिहिते आहे. एवढ्यावरून आजार आहेच असं नाही, पण उद्याच डॉक्टरांकडे जा.

शिव्या घाल, पण लोभ तोडू नकोस.
तुझी ठमी

९ जून
चि. ठमीस आशीर्वाद, देताना हात आखडतो आहे तरी.

दोन महिने! मी सुतार. कापलेली फळी वाकडी निघाली तर करवतीला शिव्या घालतो, पण फळी पुन्हा मापतो. तू मापलीसुद्धा नाहीस.

तुझी वहिनी खोकल्यावरून मार्चपासून डोकं खात होती. मी तिला दर वेळी सांगायचो, ठमी महिन्याला रक्त बघते, काही असतं तर बोलली असती. तुझं पत्र वाचल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. आता तुझा राग करू, तिचा की माझा, ते तूच सांग.

दादा

१२ जून
ती. दादास सा. न.

ती तपासणी आहे असं मी तुला कधी म्हटलं होतं? खोकल्याबद्दल मला चकार शब्द नाही, आणि भरवसा मात्र माझ्यावर! ती तपासणी नव्हे असं स्पष्ट सांगितलंही नाही, हे माझं चुकलं. सोमवारी येते आहे. दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, वाटेत भांडू.

ठमी

२७ जून
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फुफ्फुसातली गाठ सुपारीएवढी आहे. डॉक्टर म्हणतात, काढता येईल, गुरुवारी ऑपरेशन. आणखी दोन महिने गेले असते तर, हे मी त्यांना विचारलं नाही. वहिनी बोलायला लागली आहे, पण बरं काही बोलत नाही.

राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन. ऑपरेशननंतरही तुमच्या चिपला रक्त देणार आहे. पण ते तू काढायचं नाहीस, आणि नळी कुणाची हे तुला कळता कामा नये, असं तुझ्या बाईंना लिहून दिलं आहे. मोजताना मी तुझा कुणी नाही असं समज. बाकीच्या वेळी आहेच.

दादा