शिवगंगेची खुर्ची

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

दिंद्रुड
दि. २ डिसेंबर १९९६

ती. सौ. कावेरीअक्का यांना रेवणसिद्धचा शरणार्थ.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. महांतेशरावांचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. तुमचे गुडघे कसे आहेत? सख्ख्या बहिणीच्या मातीला येता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नका. फोन लागला तेव्हा दुपार झालेली. उदगीरहून धडधाकट माणूससुद्धा वेळेत पोचला नसता.

किराणा आता पूर्ण संगमेशच बघतो. शिवांजली वेळेवर वाढते आणि जास्त विचारत नाही. सून समजूतदार आहे. मी सकाळपासून मागच्या पत्र्याच्या खोलीत असतो. माझी हत्यारं तिथंच. रंधा मारत राहिलं की दिवस निघतो.

तुम्ही लिहिलंत, शिवगंगेची साडी नको, दागिना नको, तिच्यासाठी करत होतात ती खुर्ची पाठवा. खुर्चीचं तिनं तुम्हाला कळवलं होतं हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर तर ती नावंच ठेवायची. "कावून करायलात एवढं? मी काय सरपंच हाय का खुर्चीत बसायला?" शेजारच्या छबुबाईला हाक मारून सांगायची, "ह्यांचा तागडी धरताना हात हालत न्हाई, अन् करवत धरली की जीभ बाहेर येती." पण मी सुतळी घेऊन गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, तेव्हा ओट्यावर पाय सोडून गुपचूप बसून राहिली.

लाकूड शेतातल्या कडुलिंबाचं आहे. सागवानासारखं दिसत नाही, पण कीड लागत नाही. पॉलिश तेवढं राहिलंय. थंडीत चपडा नीट चढत नाही. झालं की कळवतो.

सगळ्यांना शरणार्थ.

आपला
रेवणसिद्ध


दिंद्रुड
दि. १९ जानेवारी १९९७

ती. सौ. कावेरीअक्का यांना शरणार्थ.

तिळगूळ मिळाला. शिवांजलीनं देवापुढे ठेवून सगळ्यांना दिला.

मी पाठवलेला पाट पोचला, पण "पाट कुणी मागितला होता?" असं तुम्ही विचारलंत. गुडघे धरलेल्या माणसाला जमिनीवर बसायचा पाट पाठवला, हे तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. संगमेश हसला. बऱ्याच दिवसांनी या घरात कुणी हसलं.

या महिन्यात शिवांजलीला डब्यांची मांडणी करून दिली. छबुबाईच्या नातीला पांगुळगाडा केला. एक चाक जरा वाकडं बसलंय, पोरगी सारखी डावीकडे जाते. संगमेशला हे सगळं अंग मोडून घेणं वाटतं. तो म्हणतो, अण्णा, आता माजलगावात काय पाहिजे ते तयार मिळतं. दिवाळीच्या आधी त्यानं दुकानासाठी लाल प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या खुर्च्या आणल्या. वजनाला काहीच नाहीत. वारा सुटला की रस्त्यावर जातात. मी त्यांच्यावर बसत नाही.

खुर्चीचं म्हणाल तर ती फार जड आहे. एसटीच्या टपावर घासेल. शिवाय ती शिवगंगेच्या मापाची. दुसऱ्याच्या मापात बसलं की कंबर धरते. तुम्हाला मी नवी करून देतो. गुडघ्यापासून टाचेपर्यंतची सुतळी कापून पाकिटात घालून पाठवा.

जेवायची वेळ झाली की शिवगंगा मला हाक मारायची नाही. करवतीच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून ताटलीवर उलथनं वाजवायची. शिवांजली दारात येऊन उभी राहते. तिची चूक नाही, तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. पण बाराच्या सुमाराला रंधा आपोआप थांबतो.

महांतेशरावांना शरणार्थ सांगा.

आपला
रेवणसिद्ध


दिंद्रुड
दि. ९ मार्च १९९७

ती. सौ. कावेरीअक्का यांना शरणार्थ.

तुमचं पाकीट आलं. त्यात सुतळी नव्हती. तुम्ही लिहिलंत, "आमी दोघी बहिणी लग्नापस्तोर एकमेकीची झंपरं घालत होतो. आमचं माप येगळं कुठून आलं? द्यायची नसली तर सरळ न्हाई म्हणा."

खरं आहे. मी आधी पॉलिशचं सांगितलं, मग एसटीचं, मग मापाचं. आता जे आहे ते लिहितो.

आपल्यात गेलेल्या माणसाला मातीला बसवून नेतात, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यात बसवायचं ते मठातलं लाकडी विमान त्या दिवशी तलवाड्याला गेलेलं होतं. थांबायला वेळ नव्हता. छबुबाईचा थोरला, रामकिसन, दुकानातली लाल खुर्ची घेऊन आला. तो भल्यासाठीच करत होता. मला ते बघवलं नाही. मी मागच्या खोलीत गेलो आणि तिची खुर्ची आणली. तोपर्यंत ती त्यात एकदाही बसलेली नव्हती. कच्च्या पॉलिशचे साडीला डाग पडतील म्हणायची.

मठाच्या स्वामींनी मांडी घालून बसवायला सांगितलं. कितीतरी वर्षं तिला मांडी घालता येत नव्हती, म्हणून तर खुर्ची. माणसं तिचे पाय दुमडायला लागली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू. गुडघे दुखतेत तिचे." रामकिसन खरोखर हळू झाला. ते मी विसरणार नाही.

मांडी घातल्यावर गुडघे खुर्चीच्या हातांमध्ये मावेनात. रामकिसन म्हणाला, "मामा, हात आडवे यायलेत. लालच घेऊ."

मी म्हणालो, "करवत आण."

तो कापायला बसला, पण मी करवत त्याच्याकडून घेतली. दोन्ही हात मीच कापले. अक्का, सगळ्या खुर्चीत ते हातच मी मन लावून केले होते. पुढे गोल, तिचा तळवा बसेल असे. तिला उठताना रेटा द्यायला काहीतरी लागायचं, कधी ओटा, कधी माझा खांदा. बायका रडायच्या थांबल्या होत्या. घरात करवतीचा तेवढा आवाज. आणि कापता कापता माझ्या लक्षात आलं की खुर्चीला हात लागतात ते उठायला. तिला आता उठायचं नव्हतं.

म्हणून ती पाठवत नव्हतो. मातीहून परत आल्यावर स्वामी म्हणाले, खुर्चीत दोष नाही, वापरा नाहीतर मठाला द्या. संगमेशला मठाला द्यावी असं वाटतं. त्याला ती डोळ्यापुढे नको आहे. माझं ठरेना. मी ती मागच्या खोलीत गोणपाटाखाली ठेवली आणि बाकीची कामं करत राहिलो. कुणाला द्यावी वाटत नव्हती, आणि तशी बिनहाताची ठेवावीही वाटत नव्हती.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गोणपाट काढलं. त्याच लिंबाची एक फळी उरली होती. तिचे नवे हात केले. घासून गुळगुळीत केले. खुर्चीला अजून जोडले नाहीत. हाताची उंची माणसाला बसवूनच ठरते, आणि त्या मापाचं माणूस आता तुम्हीच आहात.

पुढच्या गुरुवारी संगमेशचा टेंपो डाळ भरायला उदगीरला येतोय. तुम्ही नको म्हणाला नाहीत तर खुर्ची आणि हत्यारं घेऊन मीही त्यात येतो. शिवगंगा त्या खुर्चीत बसून कुठं गेली हे कळल्यावर तुम्हाला बसवेल का, मला माहीत नाही. नाही बसवलं तर मला राग नाही. खुर्ची परत आणीन आणि तुमचं माप घेऊन नवी करीन.

बसलात, तर तुमच्यासमोर हात पक्के करतो. मग माझ्यासाठी एवढं करा. घाई करू नका, गुडघ्यांना जपा, पण दोन्ही हातांवर तळवे टेकवा आणि एकदा उभ्या राहा. मला त्या खुर्चीतून कुणाला तरी उठताना बघायचंय.

तुमच्या शिवगंगेचा
रेवणसिद्ध