ठेवणीतली साडी

मृदुलाताई,

तुमच्या संस्थेच्या देणगीदारांसाठी आभाराची पत्रं तुम्ही दरवर्षी माझ्याकडून लिहून घेतलीत. हे तसलं नाही, आणि तुम्हाला देणारही नाही.

माझ्या नर्सिंगच्या फीसाठी देणगीदारांना दाखवायला आईचा फोटो हवा म्हणून तुम्ही सावेडीहून आमच्या तिसगावला आलात. आई ठेवणीतली साडी नेसून तयार होती. "ही नको, ऊसतोडीची फाटकी नेसा," म्हणालात. आमची एकच खोली. तुमचे लोक मोबाईल धरून बसलेले, कुणी उठून बाहेर गेलं नाही. आईनं भिंतीकडे तोंड करून साडी बदलली. मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुजं शिक्शान व्हतंय."

आता खुबा मोडून तुम्ही माझ्याच वॉर्डात आहात. आज तुमचं अंग पुसण्याआधी मी पडदा ओढून घेतला. तुम्हीच मिळवून दिलेल्या फीतून शिकलेय ते.

लंकाबाईची मोनिका