नंबर लपला, लावा बोलला

३ मे, सकाळी

पुन्हा तोच फोन. स्क्रीनवर नंबर नाही, नुसतं 'लपवलेला'. म्हाताऱ्या बाईचा आवाज. तुर्सुनअलींचं घर का? (म्हणजे माझंच.) घरात माणसं किती? मुलगा कसा आहे?

मी तिथल्या तिथे ओळखलं. चोरांची टोळी! आधी बाईमाणसाकडून गोड बोलून माहिती काढायची, मग कुंपणावरून उडी. मर्गिलानच्या बाजारात मी तीस वर्षं वजनमाप निरीक्षक होतो. काटा मारणारा माणूस मला नुसत्या खोकल्यावरून कळतो. बाईला चांगलं झापलं, तरी ती फोन ठेवीना. इकडे पैलवान मात्र मजेत ओरडत होता.

पैलवान म्हणजे माझा लावा पक्षी. ओसरीत माझ्या खुर्चीच्या वर, वाळवून कोरलेल्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात. एका दमात नऊ वेळा ओरडतो. चहाखान्यात विचारा कुणालाही.

निश्चय: जो नंबर लपवतो तो चोर. त्याला एक शब्द खरा सांगायचा नाही.

५ मे

माझी बायको सानोबर आज तिच्या बहिणीला घेऊन, मुलासाठी मागणी घालायला, मुलीच्या घरी जाऊन आली. मुलगी मुहाय्यो, औषधाच्या दुकानात काम करते. आमचा मुलगा ओयबेक थंडीभर खोकल्याचं औषध आणत होता. खोकला नव्हताच, हे मला आज कळलं. (मला संशय होताच.)

तिकडे सगळा कारभार मुलीच्या आजीच्या हातात. हाजरा आजी. तिने हो म्हटलं तर रोटी मोडायची, की सोयरीक पक्की. सानोबर म्हणाली, आजी आपली चौकशी करणारच, तर फोनवर जरा माणसासारखं बोला. मी म्हटलं, ज्याला नंबर आहे त्याच्याशी मी नेहमीच माणसासारखं बोलतो.

चौकशी आपणही करायला हवी. लोक त्यासाठी चहाखान्यात बसून तिसऱ्याच्या तोंडून काढून घेतात. जुनाट पद्धत. मी आज फोन कंपनीकडून नंबर लपवायची सर्व्हिस घेतली.

माझं लपवणं वेगळं. ती खासगी बाब आहे.

८ मे, दुपारी

पहिला कॉल. झकास! जनगणना अधिकारी म्हणून बोललो, आवाज जाड करून. फोन आजीनेच घेतला. घरात माणसं किती, उठतात किती वाजता, चिडकं कोण, सगळं विचारलं. मग हळूच मुद्द्यावर आलो: पुलावासाठी नात गाजर किसते की हाताने चिरते?

आजी म्हणाली, अगंबाई, सरकारला आता गाजरंही मोजायचीत का? मी म्हटलं, नवीन नियम आहे. हातानेच चिरते म्हणाली. मुलगी पास.

मध्येच पैलवानाने सूर लावला. आजीने विचारलं, साहेब, तुमच्या ऑफिसात लावा आहे? मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की ऑफिस गव्हाच्या शेताला लागून आहे. हजरजबाबीपणा शिकवून येत नाही.

सानोबरला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, निदान खोलीत जाऊन तरी बोला. बायकांना डावपेच कळत नाहीत. लाव्याच्या आवाजामुळेच तर माणसाचा माग लागत नाही.

१२ मे

दुसरा कॉल, आरोग्य खात्यातून. या खेपेला आवाज बारीक. घराण्यात कुणाला दमा, कुणाला मधुमेह, घोरतं कोण. आजी उत्तरं देत होती, पण मध्येच म्हणाली, डॉक्टर, जरा गप्प बसाल का? फोन ठेवू नका हं, नुसते गप्प बसा.

मी गप्प बसलो. तीही गप्प. पैलवान तेवढा ओरडत होता. बऱ्याच वेळाने तिने मोठा सुस्कारा टाकला, आमच्या ह्यांची आठवण झाली म्हणाली, आणि उद्याही फोन करा असा आग्रह केला.

माझ्या आवाजात काहीतरी आहे. नोकरीत असतानाही लोक म्हणायचे.

१६ मे

चोर बाईचा फोन. आवाज ओळखीचा वाटला, पण चोरांचे आवाज एकसारखेच असतात. तुर्सुनअली आहेत का? निश्चयाप्रमाणे म्हटलं, वारले.

अरेरे, कधी हो?

काल.

आणि मुलगा?

पोरगा सैबेरियात पळाला, तिसरी बायको केली.

बाई म्हणाली, अल्ला तुर्सुनअलींना स्वर्गात जागा देवो, माणूस बोलका होता. आणि मग काय विचारते? त्यांचा लावा आता कोण सांभाळतं?

अस्सं! म्हणजे टोळीचा डोळा पैलवानावर आहे. पिंजरा ताबडतोब कोठीत ठेवला, दाराला बाजारातलं सगळ्यात जाड कुलूप. किल्ली गळ्यात.

१९ मे

पैलवान कोठीत ओरडत नाही. विश्रांती घेत असावा. आरोग्य खात्यातून आजीला फोन केला, तर तिने विचारलं, आज शेत शांत कसं? मी म्हटलं, कापणी झाली. तिने फोन ठेवून दिला. वय झालं की माणसं विक्षिप्त होतात.

२४ मे

वाईट बातमी. सानोबर तिकडे गेली होती, तोंड पाडून आली. आजी म्हणते, सोयरीक थांबवा. त्या घरात खरं बोलणारा एकच होता, तोही हल्ली गप्प झालाय.

हे बहुधा ओयबेकबद्दल. गप्प झालाय खरा. आज जेवला नाही. पुलाव पुढे ठेवला, नुसती गाजरं बाजूला काढत बसला. मी म्हटलं, अरे, मुली काय, एक गेली तर दुसरी. तर म्हणाला, अब्बा, मला दुसरी नकोय. तुम्ही एकदा तरी तुमच्याच नावाने फोन करा ना.

ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला. पोराचा चेहरा बघवेना. खरं सांगायचं तर भूक माझीही मेली होती, पण मी दोनदा वाढून घेतलं, म्हणजे घरात कुणाला कळू नये.

२५ मे

आजीला स्वतःच्या नावाने फोन केला. खोलीत दार लावून, म्हणजे व्यत्यय नको. सर्व्हिस बंद करायची राहून गेली, एवढंच.

म्हटलं, मी तुर्सुनअली, ओयबेकचा बाप.

आजी म्हणाली, तुर्सुनअली तर वारले ना?

मी म्हटलं, कुणीतरी अफवा पसरवतंय. ती म्हणाली, हो का? मग तुमचा लावा ऐकवा. माझ्याकडे तुर्सुनअलींची तेवढी एकच खूण आहे.

फोन घेऊन कोठीकडे धावलो. किल्ली कुलपात अडकली. दार उघडलं, फोन पिंजऱ्याला लावला. पैलवान, ओरड! चुचकारलं. शीळ घातली. शेवटी मीच ओरडून दाखवलं. पितबिल्दिक, पितबिल्दिक. आजी म्हणाली, हा लावा नव्हे, हे जनगणनावाले साहेब. आणि फोन ठेवला.

तिला हे कुणी सांगितलं? घरभेद्या कोणीतरी आहे. सानोबरवर संशय.

२७ मे

आजी स्वतः आली! टॅक्सीने, न कळवता. मी तोंड भरून स्वागत केलं, तर म्हणाली, थांबा हो व्याही, आधी पाखरू दाखवा.

कोठी बघून तिने मला जे झापलं ते इथे लिहीत नाही. आवाज मात्र नेमका त्या चोर बाईसारखा. जगात योगायोग असतात. पिंजरा तिने स्वतः बाहेर आणला, तुतीच्या झाडाला टांगला, आणि खाली बसून जीभ टाळूला लावून काहीतरी टिकटिक केली. तिचे यजमान अशीच करायचे म्हणे. जन्मभर लावे पाळले त्यांनी. ते गेल्यापासून घर मुकं झालंय.

पैलवानाने मान वर केली. ओरडला! ओयबेक दारात उभा होता, त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, तुतीची ॲलर्जी.

मग आजीने निकाल दिला. मुलगा सोन्यासारखा. आई गुणाची. बापाबद्दल आम्हाला सगळं ठाऊक आहे, त्याच्या तीन नोकऱ्यांसकट. रोटी मोडू, पण लावा आमच्या घरी येईल.

सानोबर आणि ओयबेक दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

मी विचार करायला वेळ मागितला. चहा गार व्हायच्या आत हो म्हटलं.

२ जून

रोटी मोडली. मुहाय्योने मला वाकून सलाम केला आणि हळूच विचारलं, अब्बा, गाजरं बघून घेता का? गुणी पोरगी आहे, सरकारी कामाबद्दल आदर आहे. ओयबेक वेड्यासारखा हसत होता. पिंजरा मी स्वतः नेऊन दिला. राजीखुशीने. मुळात ती कल्पना माझीच होती, असं धरायला हरकत नाही.

६ जून

ओसरीत खिळा तेवढा राहिलाय. त्यावर टोपी टांगली. टोपी शोभत नाही.

जर्दाळू पिकले. चहाखान्यात गेलो नाही. नंबर लपवायची सर्व्हिस बंद केली. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

९ जून, पहाटे

फोन. 'लपवलेला'. जुना निश्चय आठवला, तरी पहिल्या रिंगलाच उचलला.

आजी होती. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, जनगणनावाले साहेब, मोजा.

आणि मागे पैलवान ओरडायला लागला. मी एकेक बोट दुमडत मोजत गेलो. सानोबर उठून येऊन शेजारी बसली, तिच्या बोटांवर तीही मोजत होती. नऊ. एका दमात, चोख नऊ.

माझ्याकडे तो सातच्या वर कधी गेला नाही. तीन मेच्या पानावर नऊ लिहिलंय, ते खोडायला हवं.