पातं वर घेतलं

सातारा, रविवार, डिसेंबर १९९६

आज जमलं.

गेल्या आठवड्यात क्लबच्या मैदानावर हे बसून चालवायचं गवतकापणीचं मशीन आलं आणि मी पहिल्याच दिवशी पातं पार खाली सोडलं. मेढ्याचा माणूस मी, गवत बुडातून कापायचं एवढंच ठाऊक. लहानपणी खुंट वर ठेवले की आई विळा काढून घ्यायची. मैदानाच्या मधोमध पिवळं टक्कल पडलं. सेक्रेटरी म्हणाले, पुन्हा असं झालं तर मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देईन.

म्हणून आज दव वाळेपर्यंत थांबलो. पातं वर घेतलं. इंजिन जोरात ठेवलं, गाडी मात्र बैलाच्या चालीनं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर वीतभर चढवला. मागं वळून पाहिलं तर सतरंजीच अंथरलेली. तेवढं टक्कल सोडून.

आणि नेमकी आज आई आली, मेढ्याहून एसटीनं. कडेला उभी राहून म्हणाली, "लय वरनं कापलंस रं. निम्मं गवत तसंच ऱ्हायलं की." मग टक्कल दिसलं. "हितं मातर ब्येस कापलंय."

मला हसूच आलं. पलीकडं चहाला चल म्हटलं, तर तिनं चपला काढून हातात घेतल्या.

"काय गं, काय झालं?"

"एवढं सारखं केलंयस," ती म्हणाली, "चपलंचं वळ उठतील."